जाताच आहात तर…

जिन्याखालची मोटारसायकल ठेवायची की विकायची, हा वाद शेवटी समुद्रापर्यंत गेला. खरं तर तो साधा पार्किंगचा वाद होता. ती मोटारसायकल इतकी वर्षं तिथे उभी होती की सोसायटीतल्या पोरांना ती जिन्याचाच भाग वाटायची. तिच्यापायी बायकोची स्कूटर बाहेर उन्हात उभी राहायची, आणि तापलेल्या सीटवर बसताना बायको रोज नवऱ्याची आठवण काढायची. ती शाळेत गणित शिकवायची. आठवणसुद्धा मोजक्या आणि नेमक्या शब्दांत काढायची.

नवरा म्हणजे आपले निबंधक. जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात ते खरं म्हणजे उपनिबंधक होते, पण शेजाऱ्यांनी बोलता बोलता तो 'उप' कधी गिळून टाकला ते कळलं नाही, आणि निबंधकांनीही तो परत मागितला नाही. त्यांच्या सहीशिवाय त्या शहरात कुणी कायदेशीर जन्मत नसे की मरत नसे. एवढ्या अधिकाराच्या माणसाचं घरात कुणी ऐकत नव्हतं, हा भाग वेगळा.

त्या दिवशी मेहुणा मोटारसायकलला गिऱ्हाईक घेऊनच आला. मेहुण्याचा टेंपोचा धंदा. जगातली कुठलीही वस्तू इथून तिथे हलवली की सुखी होते, अशी त्याची श्रद्धा होती.

"भाऊजी, तुम्ही ती चालवत तर नाही," तो म्हणाला.

"चालवणार आहे."

"कुठे? जिन्याखालून फाटकापर्यंत?"

यावर सगळे हसले. मेहुणा हसला ते निबंधकांनी सोडून दिलं असतं, गिऱ्हाईक हसलं तेही सोडून दिलं असतं. पण बायको इतकी हसली की तिला चहाचा ठसका लागला. निबंधकांना ते फार लागलं.

"समुद्रापर्यंत," ते म्हणाले. "एकटा."

सगळे दचकले. सगळ्यात जास्त दचकले ते स्वतः निबंधकच. पण तोंडातून गेलं ते गेलं. बायकोने ठसका आवरला, कप खाली ठेवला आणि फळ्यासमोर उभी असल्यासारखी अट मांडली. समुद्रापर्यंत एकट्याने जायचं. मोटारसायकलवर बसूनच परत यायचं. तसं झालं तर मोटारसायकल राहील. बसमधून, टेंपोतून, कुणाच्या गाडीतून आलात, तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक तिला घेऊन जाईल.

"उदाहरण एकदाच सोडवायला मिळेल," ती म्हणाली.

आता समुद्रच का, आणि एकटाच का, असं तुम्ही विचाराल. निबंधकांना समुद्राचं फारसं काही नव्हतं. पण त्यांच्या टेबलासमोर एक खिडकी होती, आणि त्या खिडकीतून दिवसभर कुणी ना कुणी त्यांना काहीतरी विचारत असे. घरी आलं की जिन्यात सेक्रेटरी विचारत, घरात बायको विचारे, फोनवर मेहुणा विचारे. एक दिवस असा जावा की आपल्याला कुणी काही विचारलं नाही, एवढीच त्यांची इच्छा होती. मोटारसायकलवर मागची सीट रिकामी असते आणि हेल्मेटमध्ये काही ऐकू येत नाही, म्हणून ती गेली तर ही इच्छाही जाणार होती. हे ते कुणाला बोलले नाहीत. बोलले असते तर लोकांनी 'का हो?' म्हणून विचारलं असतं.

पहिली अडचण कागदांची. मोटारसायकलच्या नोंदणीची मुदत केव्हाच संपली होती. वाहतूक कार्यालयाच्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "गाडी तपासणीला घेऊन या."

"पण मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणायची कशी?"

"नाहीच आणता येणार. दंड होईल."

"मग तपासणी कशी होणार?"

"गाडी आणल्याशिवाय? नाही होणार."

निबंधक चिडले असते, पण व्यवसायबंधुत्व आड आलं. धडधडीत जिवंत माणसांना 'जन्माचा पुरावा आणा' असं ते स्वतः इतकी वर्षं सांगत आले होते. त्यांनी बाईंकडे थोड्या आदरानेच पाहिलं आणि घरी जाऊन मोटारसायकल ढकलत आणली. ढकलणं म्हणजे चालवणं नव्हे, या मुद्द्यावर ते न्यायालयात जायलाही तयार होते. न्यायालयापेक्षा वाटेतली माणसं भारी पडली. प्रत्येक कोपऱ्यावर कुणीतरी विचारी, "पेट्रोल संपलं का?" निबंधक म्हणत, "नाही." मग तो माणूस काळजीने त्यांच्याबरोबर थोडं चालत येई, आणि नक्की काय संपलंय याचा अंदाज घेई.

शिक्का मिळाला, पण 'आधी दुरुस्ती' या अटीवर. म्हणून दुसरी अडचण मेकॅनिकची. त्याला सगळे 'डॉक्टर' म्हणायचे, कारण कुठलीही गाडी आली की तो आधी मान हलवून म्हणायचा, "आणायला उशीर केलात." निबंधकांनाही तो तेच म्हणाला. मग त्याने मोटारसायकल पार उघडली, आतलं सगळं फडक्यावर मांडलं आणि घरच्यांना भेटायला बोलवावं तसं निबंधकांना आत बोलावलं. पण माणूस हाताचा चांगला. गाडी परत आली ती एका किकमध्ये बोलायला लागली. निबंधक तिच्या आवाजाने इतके हरखले की त्यांनी ती जिन्याखाली उगाचच सुरू ठेवली, आणि पहिल्या मजल्यावरचे प्राध्यापक कान झाकून खाली आले.

तिथून बातमी फुटली. सोसायटीचे सेक्रेटरी संध्याकाळीच हजर. "निबंधक, एकटे जाताय? अहो, या वयात? एकटं जायचं तर नीट सगळ्यांना बरोबर घेऊन जायला हवं!" म्हणजे फोनवर, असा त्यांचा खुलासा होता. त्यांनी तिथल्या तिथे एक ग्रुप काढला. नाव ठेवलं 'निबंधक एकटे निघाले'. त्यात सगळी सोसायटी, मेहुणा, डॉक्टर मेकॅनिक, आणि कसं कोण जाणे, ते गिऱ्हाईकही होतं. निबंधक कुठवर पोचले ते प्रत्येकाला नकाशावर दिसणार होतं.

मग सुरू झालं ते आपल्या लोकांचं जुनं दुखणं. कुणी गावाला निघालं, की त्याच्या पिशवीत अजून जागा आहे असंच आपल्याला दिसतं. प्राध्यापक आले. "जाताच आहात तर वाटेत आमचा चुलतभाऊ आहे. माझ्या आत्मचरित्राचे खंड तेवढे द्या." खंड! माणूस आयुष्यभर एका कॉलेजात एकच विषय शिकवत होता, त्याला खंड कसले लागतात? पण निबंधकांना नाही म्हणता येईना. तळमजल्यावरच्या काकू आल्या. "जाताच आहात तर माझ्या लेकीला हा कुकर द्या, नवाकोरा आहे." शेवटी सेक्रेटरी स्वतः आले आणि त्यांनी एक लंबकाचं भिंतीवरचं घड्याळ निबंधकांच्या पाठीला बांधलं. ते त्यांच्या बहिणीला जायचं होतं. "फक्त हिसका बसू देऊ नका," ते म्हणाले. "हिसका बसला की ठोके देतं."

निघताना बायको फाटकाशी आली. तिने मागची सीट पाहिली, घड्याळ पाहिलं, कुकर पाहिला.

"एकटे ना?" तिने विचारलं.

निबंधकांनी हेल्मेटची काच खाली केली.

शहर सुटेपर्यंत रस्ता खड्ड्यांचा, आणि प्रत्येक खड्ड्याला पाठीवरचं घड्याळ ठण्ण करून वाजे. सिग्नलला थांबले तर वाहतूक पोलिसाने दचकून स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. पुढे रस्ता गुळगुळीत लागला, दोन्ही बाजूंना झाडं आली, आणि निबंधकांच्या मनात आलं, 'आता!' तेवढ्यात फोन वाजला. ते गाडी कडेला घेऊन थांबले.

"निबंधक, थांबलात का?" सेक्रेटरी.

"तुमचा फोन घ्यायला."

"बरं, बरं. मला वाटलं काही झालं." फोन बंद. निबंधक निघाले. फोन वाजला. थांबले.

"भाऊजी, सारखे का थांबताय? बंद पडते का? टेंपो पाठवू?"

थोड्या वेळाने ते नैसर्गिक गरजेपोटी एका झुडपाआड गेले. ही गोष्ट तरी माणसाने एकट्याने करायची असते, याबद्दल सगळ्या जगात एकमत आहे. तिथेही ग्रुपवर चर्चा पेटली. प्राध्यापकांनी लिहिलं, 'बराच वेळ एकाच बिंदूवर दिसतात.' काकूंनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. गिऱ्हाइकाने विचारलं, 'गाडी ठीक आहे ना?' माणसाची चौकशी त्याने केली नाही, तेवढं निबंधकांनी ध्यानात ठेवलं.

काकूंची लेक कुकर बघून कपाळाला हात लावून बसली. "आईला हजारदा सांगितलं पाठवू नको म्हणून! माझ्याकडे आधीचाच पडलाय." मग तिचा चेहरा उजळला. "तुम्ही परत जाणारच आहात तर हे दोन्ही घेऊन जा ना, काका." एक कुकर घेऊन गेलेले निबंधक दोन कुकर घेऊन बाहेर पडले. सेक्रेटरींच्या बहिणीच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, त्या भावाकडे गेल्या आहेत. म्हणजे बहीण आणि घड्याळ वाटेत कुठेतरी एकमेकांना ओलांडून गेली होती. निबंधक ओट्यावर टेकले तर पाठीवर ठोके पडले. हातात काही उरलं नाही की माणसाला हसू येतं, तसं त्यांना आलं.

चुलतभावाचं गाव समुद्राच्या अर्ध्या वाटेवर होतं. तो दारातच खंड पाहून म्हणाला, "अरे देवा, छापलंच का त्याने!" तोही निवृत्त होता, आणि त्यानेही आत्मचरित्र लिहिलं होतं, प्राध्यापकांच्या खंडांचं खंडन करणारं. त्याचेही खंडच होते. जेवण झाल्यावर त्याने पहिलं प्रकरण मोठ्याने वाचून दाखवलं. त्यात लहानपणी प्राध्यापकांनी त्याचा भोवरा कसा लाटला, ते सविस्तर आलं होतं. "जाताच आहात तर हे त्याला द्या," तो म्हणाला. "आणि राहताच आहात तर दुसरंही ऐका."

सकाळी निरोपाला सगळं घर दारात रांगेत उभं राहिलं. चुलतभाऊ, त्याची बायको, सून, शेजारपाजार. निबंधकांनी खंड बांधले, कुकर बांधले, घड्याळ पाठीला लावलं. एवढे लोक बघतायत म्हटल्यावर माणूस किक जरा रुबाबात मारतो. निबंधकांनी मारली. मोटारसायकल सुरू झाली आणि निबंधक बंद पडले. कमरेत अशी उसण भरली की तोंडातून शब्द फुटेना. घड्याळाने मात्र ठणठण ठोके दिले, आणि निबंधकांना काय म्हणायचं होतं ते लोकांना कळलं.

त्यांना उचलून आत नेलं आणि कॉटवर पालथं घातलं. बाहेर मोटारसायकल तालात धडधडत होती. तिला कुणाला बंद करता येईना, शेवटी सुनेने कसलीशी किल्ली फिरवली. चुलतभावाने फोटो काढून निबंधकांच्याच फोनवरून ग्रुपवर टाकला होता, त्यामुळे मेहुण्याचा फोन लगेच आला.

"भाऊजी, हलू नका. टेंपो काढतो. तुम्हाला आणि गाडीला एकदमच घालतो आत."

"नको!" निबंधक ओरडले. "टेंपो नको!"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं कमरेची कळ आली. कळ होतीच, पण पाणी त्याचं नव्हतं. समुद्र दिसला नव्हता, एकटेपणाचा एक तास लाभला नव्हता, आणि आता एक टेंपो येऊन सगळं संपवणार होता. त्यांना खरंच फार वाईट वाटलं.

टेंपो एका भाड्यात अडकला, त्यामुळे त्याआधी बायको आली. बसने, शाळेत रजा टाकून, शेकायची पिशवी घेऊन. तिने एकही टोमणा मारला नाही, त्यामुळे निबंधक आणखी घाबरले. तिने पिशवी गरम पाण्याने भरून त्यांच्या कमरेवर ठेवली, मेहुण्याला फोन करून सांगितलं, "तूर्त निघू नकोस," आणि खिडकीतून बाहेर बघून म्हणाली, "ही उन्हात कुणी लावलीय? सीट तापेल ना."

ती सावलीत लावायला गेली. बोळ अरुंद, गाडी वळेना. तिने एक किक मारली. निबंधकांनी कॉटवरून ऐकलं, सुटलेला क्लच, पडलेला गिअर, आणि कोपऱ्यापर्यंत गेलेला आवाज. कोपऱ्यावर वळून ती परत येणार, असं त्यांनी धरलं होतं. आवाज वळला नाही. तो सरळ गेला, बारीक झाला आणि ऐकू येईनासा झाला.

चुलतभावाचं तिसरं प्रकरण झालं, चौथं झालं. बायकोचा फोन टेबलावर वाजत होता. शाळा, मेहुणा, सेक्रेटरी. निबंधक पालथे पडल्या पडल्या घामाघूम झाले. ग्रुपवर सगळ्यांना नकाशावर निबंधक दिसत होते, एका बिंदूवर, सुरक्षित. बायको कुणालाच दिसत नव्हती.

परत आली ती केस विस्कटलेले, गाल तांबूस, डोळ्यांत धूळ. दारात क्षणभर तशीच उभी राहिली.

"अगं, कुठे होतीस?"

"पुढे रस्ता मोकळा होता," ती म्हणाली.

"तुला येते?"

"कॉलेजात असताना दादाची चालवायचे. बाबांना न सांगता." मग तिने केस बांधले. "उठता येतंय का? समुद्र बघायचाय ना तुम्हाला?"

चुलतभाऊ लगबगीने खंड घेऊन पुढे आला. बायको म्हणाली, "नाही. आम्हाला जमणार नाही." एवढंच. निबंधक श्वास रोखून थांबले. काहीही झालं नाही. चुलतभाऊ म्हणाला, "बरं बरं," आणि खंड घेऊन मागे सरला. दोन्ही कुकर तिने सुनेला देऊन टाकले, आणि घड्याळ चुलतभावाच्या हातात ठेवलं. "तुम्ही याच भागातले आहात तर सेक्रेटरींच्या बहिणीला सावकाश पोचवा." असं 'नाही' म्हणता येतं, हे निबंधकांना इतक्या नोकरीत कुणी शिकवलं नव्हतं.

कमरेला शेकायची पिशवी बांधून ते मागे बसले. निबंधकांनी फोन खिशातून काढला आणि बंद केला. मोटारसायकल निघाली. बायको वळणावर किंचित झुकायची आणि पुन्हा सरळ व्हायची. निबंधकांनी एकदा "हळू," म्हटलं, तर ती म्हणाली, "गप्प बसा हं मागे." मग ते गप्प बसले. शेतं गेली, एक पूल गेला, खारट वारा आला. कुणी काही विचारत नव्हतं. आपल्याला बरं वाटतंय, हे लक्षात आल्यावर निबंधक थोडे ओशाळले, कारण हे सगळं त्यांनी वेगळ्या पद्धतीने ठरवलं होतं.

समुद्र होता तिथेच होता. दोघं वाळूच्या कडेला उभी राहिली. निबंधकांना बसता येत नव्हतं आणि बायकोला बसायचं नव्हतं.

"समुद्र," निबंधक म्हणाले.

"हं," बायको म्हणाली. ती समुद्राकडे बघतच नव्हती. किनाऱ्याकाठाने लांबवर जाणाऱ्या रस्त्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती दोघं सोसायटीत शिरली तेव्हा फाटकाशी सगळे जमले होते. बायको पुढे, निबंधक मागे, कमरेला पिशवी. एवढा अपमान त्यांचा यापूर्वी फक्त बढती हुकली तेव्हा झाला होता. मेहुण्याने तिथेच हरकत घेतली. "एकट्याने जायचं ठरलं होतं!" सेक्रेटरी म्हणाले, "पण मोटारसायकलवर बसून परत आले की नाही? अटीत हँडल कुणी धरायचं ते नव्हतं." प्राध्यापकांनी दोन्ही बाजूंनी बोलून घेतलं. गिऱ्हाईक मोटारसायकलच्या टाकीवर बोट फिरवत उभं होतं.

"विकायची नाही," बायको म्हणाली.

निबंधकांचा चेहरा फुलला. "म्हणजे मी जिंकलो?"

"नाही. तुम्ही हरलात. अट एकट्याने जायची होती." तिने किल्ली पर्समध्ये टाकली. "ती आता माझी झाली. तुम्ही स्कूटर घ्या. ती जिन्याखाली लावा, सीट तापत नाही."

पुढच्या रविवारी निबंधक उठले तेव्हा बायको बूट घालत होती. हेल्मेट टेबलावर.

"कुठे?"

"त्या किनाऱ्याच्या रस्त्याने. कुठवर जातो बघते."

निबंधकांची कमर आता बरी होती. ते घुटमळले. "मी येतो ना. मागे जागा आहे."

"आहे," बायको म्हणाली. मग त्यांच्याकडे बघून थोडं हसली, रागाने नव्हे, अगदी मायेने. "राहू दे रिकामी."

निबंधकांना ते लागलं. बराच वेळ ते दारातच उभे राहिले. खाली किक बसली, आवाज फाटकापर्यंत गेला, सरळ गेला, बारीक झाला. पोचलीस का, थांबलीस का, जेवलीस का, असे सगळे प्रश्न एकदम त्यांच्या ओठांशी आले. त्यांनी फोन हातात घेतला, तिचा नंबर काढला. मग फोन पालथा ठेवून दिला, स्वतःपुरता चहा टाकला आणि खिडकीशी बसून प्यायले. दिवसभर त्यांनी तिला काहीही विचारलं नाही.